गणित बरोबर होतं हो!

…आणि वर बायको मलाच विचारते, "दुकानात जाऊन एवढं ओरडायची काय गरज होती?" आता ओरडलो, झालं! माणूस आहे, चढतो आवाज! पण तुम्हाला सांगतो, गणित बरोबर होतं हो! एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, गाढ झोपेतून उठवून विचारा, व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, कूस बदलायच्या आत सांगेन… आणि तरी आज सकाळपासून वाटतंय की जमीन दुभंगावी आणि आपण मीटरसकट आत जावं.

मीटर कुठला म्हणाल, तर निवृत्तीच्या समारंभात मिळालेला! लोकांना घड्याळ मिळतं, मला मल्टिमीटर! दोन टोकं लावली की रोध किती ओहम ते दाखवतो. बस्स, त्या दिवसापासून घरातल्या एका वस्तूला मी सुखाने बसू दिलं नाही. इस्त्री मोजली, त्रेपन्न ओहम. दोनशेतीस व्होल्ट भागिले त्रेपन्न, करंट आला चार पूर्णांक चौतीस अँपिअर, गुणिले परत दोनशेतीस, झाले जवळजवळ हजार वॅट. आणि इस्त्रीवर काय लिहिलंय? हजार! असा फुगलो, असा फुगलो की विचारू नका.

तेवढ्यात बायकोने शिवणाच्या मशीनसाठी बल्ब आणला. पिवळा, जुन्या पद्धतीचा, शंभर वॅटचा. पांढऱ्या उजेडात तिला सुईचं नेढं दिसत नाही. दोन दिवस वापरला तिने, आणि काल मी तो काढून टोकं लावली. चाळीस ओहम! दोनशेतीस भागिले चाळीस, पावणेसहा अँपिअर! गुणिले दोनशेतीस… तेराशे बावीस वॅट! शंभरच्या बल्बला! इस्त्रीपेक्षा जास्त! तीनदा केलं, तीनदा तेच. "अगं, फसवलं तुला!" म्हटलं.

तर ही शांतपणे म्हणते, "अहो, तेराशे असते तर दोन दिवस त्याच्याखाली बसून मी भाजून नसते का निघाले?" आता हे माणसाला कळायला नको? पण मी काय म्हणालो? "तू शिवण बघ, मला वीज शिकवू नकोस." म्हटलं हो असं! जीभ झडली नाही माझी! पण गणित बरोबर होतं ना…

आज सकाळी गेलो तणतणत. चौकातलंच दुकान. काउंटरवर चाळिशीच्या एक बाई, डोळ्यांना चष्मा, कानामागे टेस्टर खोचलेला. समोर चार गिऱ्हाइकं. मी बल्ब ठेवला आणि जे सुटलो! "लोकांना लुबाडता? बनावट माल खपवता? हा बघा हिशोब, तेराशे बावीस!" कागद सगळ्यांसमोर नाचवला. एक रंगारी होल्डर घ्यायला आला होता, त्याने तो हळूच खाली ठेवला आणि सटकला. त्याच्यामागे आणखी एक. माझ्या एका भागाकाराने तिची दोन गिऱ्हाइकं गेली!

ती ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं! म्हणाली, "बसा, सर. पाणी घेता?" सर? मला कशी ओळखते ही? तिने बल्ब काउंटरवरच्या टेस्टिंग बोर्डात लावला, लख्ख पेटला. "वाचा, सर." व्होल्ट दोनशेतीस. अँपिअर… शून्य पूर्णांक त्रेचाळीस! "भागा." भागलं. पाचशे पस्तीस ओहम! "आता गुणा." अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ वॅट. शंभरला जेमतेम एक कमी!

"तुम्ही थंड बल्ब मोजलात, सर. इस्त्रीची तार तापली तरी रोध फारसा वाढत नाही, बल्बच्या तारेचा तेरापट वाढतो." मग चष्मा काढून म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. नववी ब, तिसरा बाक."

आणि सगळं आठवलं हो! "सर, तार तापल्यावर रोध तेवढाच राहतो का?" हाच प्रश्न, हाच आवाज! आता खरं सांगतो, कुठे बोलू नका. नियमाच्या सुरुवातीलाच पुस्तकात छापलेलं असतं, 'तापमान स्थिर असताना'. ती ओळ मी एकतीस वर्षं गाळली. का? तर परीक्षेत येत नाही म्हणून! मला उत्तरच येत नव्हतं. "माहीत नाही, बघून सांगतो," म्हणायला काय झालं होतं? पण मी म्हणालो, "बस खाली, झिरोचा बल्ब!" वर्ग खो खो हसला. दहावी होईपर्यंत तिला सगळे झिरोच म्हणायचे. हजेरी घेताना मीसुद्धा.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेली दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी. हळूच "सॉरी" पुटपुटून निघता आलं असतं, पाय दाराकडे वळलेही होते… पण आरोप ओरडून केला होता ना? मग ओरडूनच म्हटलं, "माल अस्सल आहे! चूक माझी आहे! आणि पोरी, तेव्हाही तुझा प्रश्न बरोबर होता, मास्तरच कच्चा होता!" रंगाऱ्याने ऐकायला हवं होतं, तो कधीच गेला होता.

तिने बल्ब कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाली, "जाऊ द्या, सर. गणित बरोबर होतं तुमचं."

चार शिव्या घातल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं हो!

घरी आलो. बायको मशीनवर. "मग? किती वॅटचा निघाला?"

"बल्ब शंभरचाच आहे गं," म्हटलं, "झिरोचा मी निघालो."

तिने मान वर न करता सुईत दोरा ओवला. "बरं झालं," म्हणाली, "जिन्यातला गेलाच आहे. तिथे उभे राहा."