खाती एकत्र झाल्याबाबत

मला बाजारात ‘मास्तर’ म्हणतात. वय एकाहत्तर, धंदा निवृत्त भाषाशिक्षक आणि वह्या-पुस्तकांचे दुकान, राहणार दुकानाच्या माडीवर. ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणी मी एकटा राहतो. समोरच्या फुटपाथवरचे वह्या-पुस्तकांचे दुकान माझ्या धाकट्या भावाचे आहे. वडिलांच्या वेळी दुकान एकच होते. वाटणी झाल्यापासून आमचे बोलणे नाही. त्याच्या वह्यांचा कागद पातळ असतो व शाई पलीकडे फुटते, हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. हे मी द्वेषाने सांगत नाही.

दोघांचेही हिशेब एकाच कार्यालयात ठेवले जातात. ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी पाहायला व दुरुस्त करायला तिने एआय मदतनीस घेतला आहे. त्याला बरीच टूल्स दिलेली आहेत: बिल शोधा, नोंद बदला, खाती एकत्र करा, वगैरे. कोणते टूल केव्हा उचलायचे, हे तो त्या टूलाखाली लिहिलेले वर्णन वाचून ठरवतो. ही वर्णने लिहायचे काम तिने मला दिले. ती म्हणाली, “सर, टूल काय करतं, कधी वापरायचं आणि कधी मुळीच वापरायचं नाही, एवढंच लिहा. अलंकार नकोत.”

कार्यालयाच्या एकाच गिऱ्हाइकाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले जाऊन दोन खाती पडली, तर ती जोडायला ‘खाती एकत्र करा’ हे टूल आहे. त्याचे वर्णन मी असे लिहिले: “एकाच उंबऱ्यातून निघालेली, काळाच्या ओघात दुरावलेली खाती पुन्हा जवळ आणावी.” कधी वापरू नये, ही ओळ लिहिली नाही. का नाही, असे ठाण्यातल्या साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारले. सुचली नाही. बाकीच्या टूलांना ती ओळ आहे, हे खरे आहे.

सोमवारी कार्यालयाने मदतनिसाला दुबार खाती साफ करायला सांगितले. त्याने आमची दोघांची खाती एकत्र केली. आडनाव, वडिलांचे नाव व जुना पत्ता जुळला होता. अहवालात त्याने लिहिले, “दुरावलेली दोन खाती जवळ आणली.” त्यामुळे माझ्या दुकानाची थकबाकी भावाच्या नावावर दिसू लागली आणि बँकेने त्याचे गोदामासाठीचे कर्ज अडवले. शुक्रवारपर्यंत कागद गेले नाहीत तर गोदाम दुसऱ्याला जाईल, असे तो सांगतो.

आज सकाळी मी कार्यालयात बसलो असता भाऊ आत आला. पूर्वी तो मला दादा म्हणे. आज म्हणाला, “काय मास्तर, वेगळं व्हायला माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि तू एका ओळीत परत दावणीला बांधलंस?” मी बस म्हणालो. तो बसला नाही. म्हणाला, “जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलंस, तुला एक सरळ वाक्य लिहिता येत नाही?” मी म्हणालो, “तुला वाचता येतं, हे आज कळलं.” तेव्हा त्याने माझी गचांडी धरली. मी हातातला पाण्याचा पेला त्याच्यावर फेकला. पेला स्टीलचा होता. त्याच्या भुवईला टाके पडले आहेत. माझ्या सदऱ्याची बटणे तुटली. विद्यार्थिनी मध्ये पडून म्हणाली, “लाज वाटत नाही? बाहेर व्हा दोघंही!”

मी हे मुद्दाम केले, ही भावाची तक्रार मला मान्य नाही. शाळेत कविता म्हणताना त्याला दुसरे कडवे आठवत नसे, ते मी पडद्यामागून सांगत असे. हा मजकूर हवालदारांनी गैरलागू म्हटला. माझ्या आग्रहावरून घेतला आहे.

विद्यार्थिनीने ठाण्यात सांगितले की, खाती ती आजच हाताने वेगळी करील, परंतु वर्णन तसेच राहिले तर पुढच्या सफाईत मदतनीस ती पुन्हा जोडील. साहेब म्हणाले, राहिलेली ओळ इथेच लिहून द्या. भाऊ म्हणाला, “लिही, या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.” मी नकार दिला. वर्णन टूलाचे लिहायचे असते, भावाचे नव्हे, असे मी त्यास सांगितले. नंतर पुढीलप्रमाणे लिहिले:

“आडनाव एक, वडील एक, जुना पत्ता एक असला, तरी माणसे दोन असतील तर खाती एकत्र करू नयेत. तसे सुचवूही नये. दोघांनी मिळून सांगितले तरच करावीत.”

भावाने ते वाचले व म्हणाला, “शेवटचं वाक्य खोड.” मी खोडले.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, खोडलेल्या वाक्यासह. भाऊ तेव्हा समोरच्या बाकावर होता. जबाब मी सांगितला तसाच लिहिला आहे.