तीस सेकंदांचा भोंगा

मयुरेशचं एवढं कौतुक करता, तर मीही आज खरं सांगतो. बोर्लीच्या कबड्डीला गेल्या वर्षी चढाईचं घड्याळ मी बनवलं होतं. नववीत शाळा सोडलेली, मायक्रोकंट्रोलर, म्हणजे घड्याळ चालवणारी चिप, मोबाईलवर बघून शिकलो. एक सेकंद थांब, आकडा बदल, पुन्हा थांब, एवढाच प्रोग्राम. आकडा बदलण्यातही वेळ जातो, हे ध्यानात आलं नाही. तीस सेकंदांची चढाई एकतीसवर जायची. भांडणं झाली.

यंदा पंच तात्यांनी काम मयुरेशला दिलं. तो इंजिनियर.

"अरे, चिपमध्येच टायमर असतो," तो मला सगळ्यांसमोर म्हणाला. "क्रिस्टलचे ठोके तो आपला मोजत बसतो. प्रोग्राम दुसरं काहीही करत असू दे, त्याला फरक पडत नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. माहीत नव्हतं.

फायनलला मी स्टॉपवॉच लावून बसलो. एकदा तरी त्याचं चुकावं, एवढीच इच्छा. शेवटच्या चढाईत समोरच्या संघाचा गडी परतताना मध्यरेषेला हात लावणार, तेवढ्यात भोंगा वाजला. तो बाद, आपण जिंकलो. त्यांची माणसं अंगावर आली, "गेल्या वर्षीसारखंच घड्याळ खोटं आहे."

तात्यांनी मला हाक मारली. "तू मोजत होतास ना रे? किती झाले?"

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं.

"तीस," मी म्हणालो. "आजच्या सगळ्याच तीस."

पोरांनी मयुरेशला खांद्यावर घेतलं. उतरल्यावर तो माझ्याकडे आला. "पण काय रे, पहिल्या चढाईपासून मोजत कशाला होतास?"

"तुझी काळजी वाटत होती," मी म्हणालो.