उलट्या आट्यांचं पेन

हॅलो?… हां, बोला… कोण शंभूराज?… साताऱ्याहून? आवं, मी न्हाई ओळखत. आणि कर्ज-बिर्ज काय नको आमाला… न्हाई? मग?… पेन? कसलं पेन?

चंदनबालाबाई गच्चीत पापड वाळत घालत होत्या. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. 'पेन' म्हटल्यावर त्यांनी हातातलं ताट कठड्यावर ठेवलं.

कुणी दिला नंबर?… गोमटेशनं. व्हय, धाकटा भाऊ माझा… काय म्हणाला?… "ताई लग्नाआधी दुकानात बसायची, तिला थोडंफार ठावं असंल." असं म्हणाला का… न्हाई, न्हाई, राग कशाचा. बोला तुमी.

हो… हो… पुस्तक काढताय. हातानं बनवलेल्या शाईच्या पेनांचं. बरं झालं की… आज चारला छापायला जाणार? आणि आता?… पावणेतीन. म्हंजे लगीनघाईच हाय तुमची.

हाड! हाड!… तुमाला न्हाई हो. कावळा.

हां, सांगा… काळं. एबोनाईटचं, कडक रबराचं. जाड… वर नाव न्हाई, क्लिप न्हाई… जर्मन? कुणी सांगितलं जर्मन?… पुण्याच्या माणसानं. बरं, पुढं?… टोपणाच्या टोकाला दोन खाचा. समोरासमोर… उंदरानं कुरतडल्यागत…

त्या खाली बसल्या. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात.

हॅलो… हाय, हाय, ऐकतीय. नळी एका अंगानं चपटी हाय का बघा… टेबलावर ठेवलं तर गडगडत न्हाई ना?… न्हाई. कुठं गावलं तुमाला?… कोयनानगरकडं. सुभेदारांच्या नातीकडं… केरबा सुभेदार. हां… गेले? कवा?… पंधरा वर्सं झाली. हं.

न्हाई, काय न्हाई. गोमटेश काय म्हणाला मग?… परत बोला एकदा… "मदन मगदूम आणि चिरंजीव, सांगली. गोमटेश मगदूम यांनी स्वतःच्या हातानं घडवलेलं पेन." असं तुमी छापणार?… फोटोखाली. आणि फोटो मुखपृष्ठावर!… झकास.

त्या उठल्या. कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. पापडावर पाय पडता पडता राहिला.

मग मला कशाला फोन केला?… टोपण निघंना. निब दिसंना. तर मग ज्यानं केलं त्यालाच विचारायचं की!… विचारलं? काय म्हणाला?… गरम पाण्यात बुडवून ठेवा?

बुडवलं का?… आवं, बोला लवकर, बुडवलं का?… पाणी ठेवलंय. गॅस बंद करा. आधी गॅस बंद करा, मग माझ्याशी बोला… केला?… एबोनाईट गरम पाण्यात घातलं की त्याचा काळा रंग जातो. शेणकुटागत हिरवट दिसाय लागतं. पेनं करणाऱ्याच्या घरातलं मांजरसुद्धा सांगंल हे… न्हाई, मी गोमटेशला मांजर न्हाई म्हटलं. मांजर बरं.

पकड? कशाला पकड? ठेवा ती खाली… फिरवलं पकडीनं? किती जोरात?… आई गं. आवं, तुमी जेवढं फिरवताय तेवढं ते घट्ट बसतंय!

आले हो!… तुमाला न्हाई. खालनं आमचे मालक हाक मारत्यात. चहा पायजे असंल… मारू देत. ऐका. फोन स्पीकरवर टाका. टेबलावर ठेवा. ठेवला? आता उजवा हात पाठीमागं घ्या… घ्या की! कारण असल्याशिवाय सांगतीय का?… पेन डाव्या हातात. आणि त्या दोन खाचा दातात धरा. समोरच्या… आवं, रुमालानं पुसा मग… हसू नका, टोपण पडंल… धरलं? नुसतं "हूं" म्हणा… आणि फिरवू नका अजून. मी सांगेपर्यंत फिरवायचं न्हाई.

पलीकडे साताऱ्यात एक माणूस तोंडात पेन धरून गप्प उभा होता. चंदनबालाबाईंनी जिन्याचं दार ओढून घेतलं. पुढं जे सांगायचं होतं ते सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांत मध्ये न बोलता ऐकणारं कुणी सापडलं नव्हतं.

सुभेदार एस्टीनं आले होते सांगलीला. उजवा हात मनगटापासनं न्हाई, सीमेवर गेलेला. पेन्शनच्या कचेरीत कुणीतरी त्यांच्यापुढं शाईचं पॅड सरकवलं, डाव्या हाताचा अंगठा लावा म्हणून. ते म्हणाले, मी मॅट्रिक झालेला माणूस, अंगठा देणार न्हाई. सहा महिन्यांत डाव्या हातानं सही शिकले. पण पेन उघडायला दर वेळी दुसऱ्याला सांगावं लागायचं. ते त्यांना खपंना. आमचे बाबा म्हणाले, असलं पेन हुत न्हाई. गोमटेश तवा नववीत, दिवसभर क्रिकेट. मी एकवीस वर्सांची. बाबा पुढं दुकानात, आतल्या खोलीत लेथ मीच चालवायची. मी म्हटलं, आठ दिवस द्या. जुन्या साडीच्या काठानं उजवा हात कमरेला बांधून टाकला आणि दातांनी टोपणं उघडून बघाय लागले. चार टोपणं फोडली. दात हलाय लागले. मग ध्यानात आलं, उजव्या हाताला जो वळसा सोपा जातो तो डाव्याला अवघड. म्हणून आटे उलटे पाडले. खाचा माझ्या दातांच्या मापानं घातल्या. आणि बाबांनी पेन देताना काय सांगितलं, ठावं हाय? आमच्या पोरानं केलंय. पोरगी लेथवर बसती म्हटल्यावर स्थळ कोण आणणार? मी पडद्याच्या आत. सुभेदारांनी टोपण दातात धरलं, टक्कन आवाज आला, आणि ते एकदम हसले. एवढंच ऐकलं. चेहरा न्हाई दिसला मला.

हां. आता फिरवा. नेहमी फिरवता त्याच्या उलट. हळू… हळू… पकडीनं आवळून ठेवलंय तुमीच, जरा जोर लागंल…

हॅलो?… निघालं? बोला की, आता तोंड रिकामं हाय न्हवं!… निघालं. निघालं! … चिरलं तर न्हाई कुठं? आटे बघा, शाबूत हायत?… हायत. निब?… डाव्या अंगाला झिजलीय. झिजणारच. वापरलं म्हंजे त्यांनी. शेवटपर्यंत वापरलं.

चव कसली?… टायर चावल्यागत? हां, सुभेदारांनी पण कार्डावर तेच लिहिलं होतं बाबांना.

बरं, आता फोटोखाली काय लिहिणार?… "मगदूम घराण्याचं पेन"? घराणं न्हवतं लेथवर… "मदन मगदूम यांच्या मार्गदर्शनाखाली"? आवं, मार्गदर्शन एवढंच होतं की हे हुत न्हाई… गोमटेशला वाईट वाटंल? वाटू दे की. त्यानं तुमाला आमच्या दुकानाच्या आणखी पंधरा पेनांची माहिती दिली? दिली असंल… पुस्तकाच्या कार्यक्रमाला पाहुणा हाय तो? बरं… बरं… मग एक करा. हे पेन पुस्तकातनं काढून टाका… मुखपृष्ठ बदला… वेळ न्हाई ते तुमचं तुमी बघा. खोट्या नावाखाली न्हाई जायचं ते. मी गप बसले, कारण ते पेन अजून शाबूत हाय का हेच मला ठावं न्हवतं. आता तुमी फोन केलाय.

त्यांनी फोन कानापासून काढून बघितला. कट झाला नव्हता.

हां, बोला… बदलता?… नक्की?… चंदनबाला. चंदन, बाला. जोडून… ऐकू येत न्हाई? थांबा, या बाजूला येते… चंदनबाला मदन मगदूम!

शेजारच्या गच्चीतल्या बाईनं वळून बघितलं. चंदनबालाबाईंनी आवाज कमी केला नाही.

न्हाई, सासरचं नाव नको. पेन तवाचं हाय, नाव पण तवाचंच घाला… वाचून दाखवा… हां. हां. असंच… आणि सुभेदारांचं पण घाला. कुणासाठी केलं ते.

थांबा, ठेवू नका! आमच्या दुकानाची अजून किती पेनं हायत म्हणालात पुस्तकात?… पंधरा. आणि पंधराच्या पंधरांखाली गोमटेश?… फोटो पाठवा मला. सगळे. आत्ताच्या आत्ता… बाबांचं कुठलं ते सांगते, बाबांचं बाबांना द्या. गोमटेशचं एखादं निघालं तर त्याचं त्याला द्या… न्हाई, चेष्टा न्हाई… मला बघितल्यावर कळतं. स्वतःचं काम कळत न्हाई व्हय?… किती वाजले?… तीन पंचवीस? आणि तुमी बोलत बसलाय माझ्यासंगं! पाठवा, पाठवा. ठेवा फोन!

त्यानं ठेवायच्या आत चंदनबालाबाईंनीच ठेवला.