हौदातली मोटार

—न्हाई ताई, तुम्हाला कोणी तरी अर्धंच सांगितलंय. सगळं केदारखेडा म्हणतंय, काकासाहेबांच्या, म्हंजे माझ्या, सुनेचा हौद लय भारी, मासे पण अन् भाजी पण, मातीचं कामच न्हाई — पण ह्या घरात राहून बघा ना! बसा तुम्ही. मी उभाच बरा. साधना येईल आत्ता, अजमतच्या दुकानावर पालक द्यायला गेलीय. तवर मी सांगतो. हे बघा, ह्या हौदात चिलापी मासे. त्यांनी घाण केलेलं पाणी मोटार उचलते अन् वर ह्या खडीच्या वाफ्यात सोडते. त्या घाणीवर पालक पोसतो, पाणी साफ होऊन परत हौदात. तेच पाणी, फिरून फिरून. उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो, ह्या पालकाला पत्ताबी न्हाई — हे बराबर हाय, न्हाई म्हणत न्हाई मी. पण मी माळकरी माणूस. माशाच्या पाण्यावरची भाजी कशी खाऊ? पहिल्याच दिवशी म्हणलं, हे दारात चालणार न्हाई. ‘बरं मामा,’ म्हणली, अन् मागच्या अंगणात बांधला. अशी हाय ती. उलट बोलत न्हाई अन् ऐकतबी न्हाई.

अन् तुमची संस्था तिला मेळघाटात नेणार, तिकडच्या बायांना हेच शिकवायला. तिथंच राहायचं. फोनवर बोलताना ऐकलं मी — ऐकलं म्हणजे, घर लहान हाय. म्हणून सांगतो, शिकवण्यासारखं न्हाई हे. लाईट गेली की संपलं. उन्हाळ्यात ती भोकरदनला गेल्ती, अन् दुपारी लाईट गेली, मोटार बंद. बघतो तर सगळे मासे वर आलेले, हवेसाठी तोंडं उघडी. म्हणलं, मरू द्या, कटकट गेली. घरात गेलो. परत आलो. परत घरात गेलो. मंग तांब्या घेतला अन् पाणी उचलून उंचावरून ओतायला लागलो — तसं ओतलं की पाण्यात हवा मिसळते, तीच सांगायची. माळ भिजली, धोतर भिजलं, ओततोय आपला. ती आली तवर खांदे गेल्ते माझे. म्हणली, ‘मामा, इन्व्हर्टरचं बटन दाबायचं नुस्तं.’ म्हणलं, सापडलं न्हाई.

सापडत कसं न्हाई? समोरच हाय, लाल बटन. हात जाईना, ताई. रामप्रसाद, माझा पोरगा, साधनाचा नवरा — विहिरीवर ओल्या पायानं मोटारीला हात लावला त्यानं. मी तिथंच होतो. त्याला सोडवायला कोरडी काठी शोधून राह्यलो, सगळ्या वावरात एक कोरडी काठी न्हाई… तवापासून मी बटनाला हात लावत न्हाई. घरातला दिवासुद्धा तीच लावते. अन् त्याच पोरीनं अंगणात पाणी साठवून त्यात मोटार सोडली! माळेचं काय, ते बोलायला सोपं होतं. दुसरं काय बोलणार होतो मी? सकाळी ती हौदाकडं निघाली की मी मागं मागं. उगंच. तिला वाटायचं मी भांडायला आलो.

मी तांब्यानं पाणी ओतलं, त्या दिवशी तिला कळलं असंल. मंग एक दिवस सोलरवरची लहानी मोटार आणली, अन् चालू मोटारीच्या पाण्यात हात घातला, कोपरापर्यंत. ‘बघा मामा, हिचा झटका बसतच न्हाई.’ मी तिचा हात ओढला बाहेर अन् धरूनच ठेवला. सोडवंना. तिनंबी सोडवून घेतला न्हाई. मंग म्हणली, ‘आता तुम्ही घाला.’ घातला. गार होतं पाणी. मासे बोटाला तोंड लावून राह्यले.

काय म्हणलात? भाजी? …खातो की. कवाचा खातो. पण ते जाऊ द्या, मी काय सांगत होतो — ह्याच्यात दम न्हाई, दुसरी कोणी बघा तुम्ही. माझं काय, मला भाकर टाकता येते, त्याचं न्हाई. पण सकाळी हौदावर कोणी तरी बोलायला—

आली. ये साधना. ह्या ताई तुझ्यासाठी आल्यात. मी त्यांना वाटंला लावून राह्यल्तो, तुझ्या कामाला नावं ठेवून. समदं खोटं होतं, ताई. बस तू. न्हाई, मी न्हाई बसत, माशांना खाद्य टाकायचंय. माझ्याकडं काय बघतीस? त्यांच्याकडं बघ. सांग त्यांना, कवा निघायचं ते.