पेन्सिलीतले एक्केचाळीस

डेल : कुणी ऐकलं नाही, डार्नली! कीपरनं झेल घेतला आणि चेंडू स्लिपकडे टाकून दिला. ना अपील, ना पंचाचं बोट. आणि तू चालू लागलास! पहिल्याच चेंडूवर!

डार्नली : कड लागली होती.

डेल : कुणाला माहीत?

डार्नली : मला.

(बार्बेडोस बेटाच्या उत्तर टोकाचं बोवेल्स हिल गाव. मैदानाच्या कडेची पत्र्याची खोली, भर दुपार. डार्नली यरवूड पॅड बांधूनच बाकावर बसलेला. त्याची आत्या इस्मे टेबलाशी, समोर धावांची वही. अमेरिकेच्या क्रिकेट लीगचा डेल हचिन्स उभा.)

डेल : अरे, हा तुझा शेवटचा डाव आहे. निरोपाचा! टेक्सासहून पासष्ट पाहुणे विमानात घालून आणलेत मी. टीव्हीवर थेट चाललंय. बाहेर माझा निवेदक सात मिनिटं त्यांना सांगत होता, बघा, जगातला थोर फलंदाज येतोय, दहा हजार धावांचा माणूस. त्याचं बोलणं संपायच्या आत माणूस परत!

इस्मे : मग त्यानं थोडक्यात सांगायचं होतं.

डेल : मिस इस्मे, हे हसण्यावारी नेऊ नका. मी सामना थांबवलाय. लवकर चहा घ्या म्हणून सांगितलंय सगळ्यांना.

इस्मे : चहा? सकाळी तुम्हीच म्हणालात ना, अमेरिकन माणसाला मध्येच चहा कळत नाही, चहा काढून टाका? मी ब्रेडफ्रूटची पाच फळं भाजायला घातली होती, ती शेजारी वाटून टाकली.

डेल : आता हवाय चहा. वीस मिनिटं आहेत. डार्नली, ऐक. पंचांशी बोललोय. बेकल्स म्हणतील, तो नो-बॉल होता. तू परत जायचंस. अर्धा तास खेळ. चार-दोन षटकार मार, एखादा त्या उसात घाल. मग हवा तेव्हा आऊट हो.

इस्मे : बेकल्स हो म्हणाला?

डेल : नाही म्हणाले नाहीत.

इस्मे : तुम्ही त्याच्या डाव्या कानात बोलला असाल. तो कान सत्तर सालापासून बंद आहे.

डार्नली : नो-बॉल नव्हता, डेल. पोरानं चांगला टाकला. आत येता येता बाहेर गेला. माझ्या पंचविशीतही तो मला लागला असता.

डेल : कौतुक नंतर कर! तुझा माझा करार काय झालाय? तीन वर्षं तू आमच्या लीगचा चेहरा. डॅलसमध्ये घर, गाडी. आणि या गावाला नवं पॅव्हेलियन. या पत्र्याला भोकं किती आहेत बघ. सगळं आजच्या अर्ध्या तासावर होतं. अमेरिकन माणसाला दाखवायचं काय? एक म्हातारा येतो, बॅट हलवतो आणि कुणी काही म्हणायच्या आत निघून जातो? हा काय खेळ झाला?

इस्मे : खेळ तोच होता.

डेल : आमच्या लोकांना षटकार कळतो. चेंडू गर्दीत गेला की कळतो. तीन तासांत निकाल लागला की कळतो. हे नाही कळत. अमेरिकेत क्रिकेट रुजवायचं तर...

इस्मे : रुजवायचं? हचिन्ससाहेब, माझा भाऊ क्लाइड, ह्याचा बाप, ब्रुकलिनमध्ये तीस वर्षं बस चालवायचा. रविवारी बागेत मातीवर काथ्याची चटई अंथरून खेळायचा. फिरायला येणारे विचारायचे, हे काय चाललंय? कोण जिंकतंय? तो दर रविवारी सांगायचा. त्याचा पासपोर्ट तुमचा, कर तुम्हाला, थडगंही तुमच्याच मातीत. तो अमेरिकन नव्हता?

डेल : मी नव्या प्रेक्षकांबद्दल बोलतोय.

इस्मे : गोऱ्या म्हणा. जीभ झडणार नाही.

डार्नली : आत्या.

इस्मे : काय आत्या? रुजलेलं झाड ह्यांना दिसत नाही आणि हे आम्हाला बी विकायला आलेत.

डेल : ठीक आहे. मी वाईट. पण तो जो सभ्यपणा हा दाखवतोय ना, तो इंग्रजांनी शिकवलेला आहे. शंभर वर्षांपूर्वीचा. तो तुम्ही अजून उराशी धरून बसलाय आणि म्हणे मी विकायला आलोय!

इस्मे : इंग्रजांनी? बसा. बसा म्हणते ना! त्या खुर्चीचा पाय मोडका आहे, ह्या खोक्यावर बसा. हे मैदान मळ्याचं होतं. पंच कोण? मळ्याचा मॅनेजर. माझे वडील दिवसभर ऊस तोडून शनिवारी बॅटिंगला यायचे. मॅनेजरच्या मेहुण्याचा चेंडू पायाला लागो, ढुंगणाला लागो, नाहीतर नुसता वाऱ्यावर जावो, बोट वर! आणि मॅनेजरचा भाऊ बॅटिंगला असला की कड लागल्याचा आवाज गोठ्यातल्या गाईला ऐकू जायचा, ह्याला नाही. तो उभा. ढिम्म. हा तुमचा इंग्रजांचा सभ्यपणा.

डेल : मला हे माहीत नव्हतं.

इस्मे : माहीत नसताना बोलायची सवय आहे तुम्हाला. तर एका शनिवारी माझ्या वडिलांनी सांगितलं, आजपासून बोवेल्स हिलचा माणूस ह्याच्या बोटाकडे बघणार नाही. आऊट असलो तर आम्ही सांगू. नसलो तर हलणार नाही, बोलाव तुझ्या पोलिसाला. दोन महिने खेळ बंद पडला. तिघांचं मळ्यावरचं काम गेलं. वडिलांचंही. पण नियम राहिला. अजून आहे.

डेल : कुठे लिहिलाय?

डार्नली : तिच्या वहीत. डेल, इथे पंच सांगतो ते ती पेन्सिलीनं लिहिते. खेळाडू परत येताना टेबलापाशी थांबतो, स्वतःच्या तोंडानं सांगतो, मी असा असा आऊट. मग ती पेन्सिलीवरून शाई फिरवते. मी मघाशी थांबलो होतो.

इस्मे : यरवूड, झेलबाद, शून्य. हे बघा. वाळलंय.

डेल : भोपळा! शेवटच्या डावात भोपळा! आणि अभिमानानं दाखवताय!

इस्मे : भोपळा भाजीला चालतो, चोरलेलं शतक कशाला चालतं?

डेल : बरं. मग मी पण स्पष्ट बोलू का? अ‍ॅडलेड.

डार्नली : डेल.

डेल : का? तुझा सगळ्यात मोठा डाव. दोनशे बारा. माझ्या पोस्टरवर तोच फोटो आहे. आणि मी त्याची चित्रफीत चाळीस वेळा पाहिलीय. एक्केचाळीसवर कड लागली होती, कीपरनं झेल घेतला होता. अकराजण ओरडत होते. पंच चुकला. तू गेलास? नाही. खुंट रोवल्यासारखा उभा राहिलास, वर आणखी एकशे एकाहत्तर केल्यास. तेव्हा कुठे होता तुझा बोवेल्स हिलचा नियम?

डार्नली : घरी होता.

डेल : मग आज माझ्याच कार्यक्रमात परत आला?

डार्नली : मी सत्तावीसचा होतो. संघातून काढायला टपले होते. वाटलं, गोऱ्या पंचानं आपल्या बाजूनं चूक केली, आयुष्यात एकदा! आमच्या आजोबांची परतफेड समजून घेऊ. उभा राहिलो. तेवढं एकदाच, डेल. बाकी कधी नाही.

डेल : मला त्याचं काही वाटत नाही. मी खूश आहे! तोच माणूस मला हवाय. ज्यानं अ‍ॅडलेडला केलं त्याला बोवेल्स हिलला काय अडचण? आत्याबाई बघतायत म्हणून?

इस्मे : अ‍ॅडलेड पण बघितलं होतं मी.

डार्नली : तू कधी बोलली नाहीस.

इस्मे : कड लागली की तू डाव्या ग्लोव्हचा पट्टा सोडतोस. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून. आज सोडलास. अ‍ॅडलेडला सोडलास आणि परत लावलास. टीव्हीवर लोक बॅट बघत होते. मी पट्टा बघितला.

डार्नली : आणि अकरा वर्षं गप्प बसलीस?

इस्मे : मी कोण बोलणार? मी पंच नाही. ही घरची वही बघ. तुझा प्रत्येक डाव आहे ह्यात. शाळेतला पण. हे अ‍ॅडलेडचं पान.

डार्नली : एक्केचाळीस.

डेल : काय? दाखवा. अहो, दोनशे बारा होत्या!

इस्मे : जगाच्या वहीत. माझ्या वहीत एक्केचाळीस.

डेल : थांबा. म्हणजे दहा हजार त्रेचाळीस नाहीतच तुमच्याकडे?

इस्मे : नऊ हजार आठशे बहात्तर.

डेल : माझ्या पोस्टरवर दहा हजार छापलंय! टोप्यांवर छापलंय!

इस्मे : टोप्या तुमच्या. त्या घाला.

डेल : डार्नली, ह्या बाईंनी तुला दहा हजारांतून खाली उतरवलंय आणि तू गप्प ऐकतोयस?

डार्नली : मी मोजत होतो. पुढची मालिका मला त्या दोनशे बारामुळे मिळाली. बक्षीस घेताना सगळे उभे राहिले आणि मी पट्टा लावत बसलो. हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती.

डेल : मला वेळ नाही रे! दहा मिनिटं उरली. ऐक, मी तुला माझी गोष्ट सांगतो. मी कॉलेजात बेसबॉल खेळायचो. राज्याचा अंतिम सामना. मी घसरत बेसवर गेलो. त्याआधी त्यांच्या माणसानं मला चेंडू टेकवला होता, इथे, बरगडीला. मी आऊट होतो. पंच म्हणाला, सेफ. मी तोंड उघडलं नाही. आम्ही जिंकलो. अंगठी मिळाली. कुणी मला चोर म्हणालं नाही. आमच्याकडे असंच आहे. बघायचं काम पंचाचं, खेळायचं आपलं.

इस्मे : अंगठी कुठाय?

डेल : म्हणजे?

इस्मे : बोटात दिसत नाही.

डेल : घरी आहे. कपाटात. बोटं जाड झाली.

इस्मे : सोनार असतील ना टेक्सासात?

डेल : विषय काढू नका भलता. डार्नली, शेवटचं विचारतो. जातोस का आत?

डार्नली : नाही.

डेल : मग डॅलस नाही. घर नाही. पॅव्हेलियन नाही. तुझा गुडघा गेलाय, तुला दुसरं काही येत नाही, आणि बोर्डानं तुला साधा हार घातला नाही. इथे करणार काय? ह्या पत्र्याखाली बसणार?

डार्नली : बसेन. पाऊस आला तर सरकून बसेन. आणि हे बघ, मी अमेरिकेत येईन. तुझ्या लीगमध्ये नाही. माझा बाप खेळायचा त्या बागेत. त्यांची चटई फाटली असेल आता. कोण जिंकतंय म्हणून कुणी विचारलं तर सांगत बसेन, तो सांगायचा तसा. तीन तासांत नाही कळलं तर तीन रविवार लागू देत.

डेल : त्यानं अमेरिका जिंकली जाणार नाही.

डार्नली : मला अमेरिका जिंकायचीच नाही, डेल. तुला जिंकायचीय. मला फक्त खेळ विटाळू द्यायचा नाही. एकदा विटाळला मी. चव माहितीय.

डेल : बाहेर पासष्ट माणसं विचारतायत, तो का गेला. त्यांना काय सांगू? सांगा ना! काय सांगू?

इस्मे : जे झालं ते. तो आऊट होता, कुणाला कळलं नाही, त्यानं सांगितलं. तीन वाक्यं आहेत. षटकारापेक्षा सोपी.

डेल : हसतील.

इस्मे : हसू देत. एखादा नाही हसणार. तुमची अंगठी कपाटात का आहे, ते त्याला विचारा.

डेल : तुम्ही फार वाईट बाई आहात, मिस इस्मे.

इस्मे : मळ्याचा मॅनेजर पण माझ्या बापाला हेच म्हणायचा. जाताना दार ओढून घ्या, वाऱ्यानं पानं उलटतात.

डार्नली : गेला?

इस्मे : गेला. पायरीवर उभा आहे. पाहुण्यांकडे जात नाही अजून. उभा राहू दे. पॅड सोड, सुजतील पाय.

डार्नली : पॅव्हेलियन गेलं, आत्या. गावाला काय तोंड दाखवू?

इस्मे : मघाशी मैदानातून आलास तेच दाखव. तिघांची कामं गेली तेव्हा कुणी माझ्या बापाकडे पत्र्याचा हिशेब मागितला नव्हता.

डार्नली : ती घरची वही दे इकडे. आत्या, सगळं पान शाईत आहे, आणि हा एक्केचाळीसचा आकडा तेवढा पेन्सिलीत?

इस्मे : नियम सगळ्यांना एकच. तू सांगितलं नव्हतंस.

डार्नली : अकरा वर्षं पेन्सिलीत ठेवलास?

इस्मे : दोनदा पुसट झाला. गिरवला परत.

डार्नली : यरवूड. झेलबाद. एक्केचाळीस.

इस्मे : थांब, पेनाचं टोपण कुठे गेलं बघू दे.