कुणाचाही हात कुणालाही

...आणि वर मलाच विचारतात, "गुडघा कुठे गेला?" अहो, गुडघा माझ्या तोंडात होता! तुम्हाला सांगतो, सकाळची वेळ, मी अर्धवट झोपेत, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि दाताखाली कट्ट! मला वाटलं दाढ गेली. हातावर थुंकून बघतो तर निळा, प्लास्टिकचा, दोन्हीकडून खुंट्या आलेला गुडघा. शी! आणि त्याला तेल चोपडलेलं. डोक्याचं तेल! चहावर तवंग कसला म्हणून मी बायकोला नुकताच बोललो होतो, ती बिचारी दुधाला दोष देत होती... तर आमच्या बाबांनी माझ्या तळहातावरून तो गुडघा उचलला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, "चहा गरम होता ना? बरं झालं, धुऊन निघाला."

तुम्ही पाहिलेत का हो ते रोबो? सहाचा संच येतो. एक ट्रकवाला, एक विमानवाला, एक क्रेनवाला, बाकीचे तीन काय आहेत ते मला अजून कळलेलं नाही. दुमडला की ट्रक, उलगडला की माणूस. बरं, तेवढ्यावर भागावं ना? नाही! याचा हात उपटायचा, त्याला खुपसायचा. त्याचा पाय उपटायचा, ह्याला खुपसायचा. खोक्यावर हे एवढ्या अक्षरांत छापलंय, 'कुणाचाही हात कुणालाही!' हे काय खेळण्यावर लिहायचं वाक्य आहे?

आणि हे घरात आणलं कुणी? मीच. माझ्याच कर्माने. त्याचं असं झालं... आमचे बाबा फिटर. चाळीस वर्षं यंत्रांच्या कारखान्यात. निवृत्तीनंतर आपल्या घरी एकटे राहायचे, आमच्याकडे या म्हटलं की फोन ठेवायचे. चार महिन्यांपूर्वी झटका आला, उजव्या हाताची बोटं आखडली, आणले उचलून. आता दोन खोल्यांचं घर आमचं, आणि फिटर माणूस! आल्या दिवसापासून, "हे दार ढिलं आहे. तो नळ ढिला आहे. ह्या खुर्चीवर तू बसतोसच कसा?" आणि रोज सकाळी, मी त्यांच्या शर्टाची बटणं लावत असताना, भिंतीकडे बघत, "एकदा हात चालू दे, एक दिवस थांबणार नाही इथे." मी वरून म्हणायचो, "असं काय बोलता बाबा!" आणि मनात म्हणायचो, एक दिवस नाही!

दर मंगळवारी व्यायामाच्या बाई येतात. त्या म्हणाल्या, "बोटांना बारीक काम द्या. काहीतरी जोडायचं, सोडायचं. हात चालला की आजोबा आपल्या घरी जायला मोकळे." मोकळे! हा शब्द ऐकला आणि मी त्याच संध्याकाळी खेळण्यांच्या दुकानात. दुकानदार विचारतो, "मुलगा किती वर्षांचा?" म्हटलं, "बहात्तर." त्याने पिशवी पुढे केली.

पहिले पंधरा दिवस काही होईना. ज्या माणसाने आयुष्यभर लोखंड वळवलं, त्याला एक प्लास्टिकचा दंड उपटता येईना. ओठ चावत बसायचे. मला बघवत नव्हतं, खोटं कशाला बोलू? आणि एक दिवस ऑफिसात फोन. "निघाला!" "कोण निघाला?" "हात! खांद्यापासून निघाला!" मी आनंदाने ओरडलो, "हात निघाला!" शेजारच्या टेबलावरचा अकाउंटंट उठून पाणी घेऊन आला...

पण तिथून जे सुरू झालं! साबणाच्या डबीत धड. साखरेत डोकी. उशीखाली मांडी! अनवाणी चालायची सोय नाही, टाचेत कुणाचा तरी कोपर घुसणार. तेलकट सांध्यांना केस चिकटलेले, धूळ चिकटलेली, आणि ते सगळं जेवायच्या टेबलावर! मी म्हटलं, "बाबा, किळस येते." तर म्हणाले, "तुला लहानपणापासून कामाचीच किळस."

आणि मग तो ब्रश. दात घासायचा, माझा. चार दिवस तोंडात नुसती कचकच. पाचव्या दिवशी उजेडात धरून पाहिला तर करडा भुसा! बाबा शांतपणे म्हणाले, "सांध्यांतला भुसा काढायला तुझाच बरा पडतो. सूनबाईंचा फार मऊ आहे." म्हणजे चार दिवस मी कुणाची काख... शी शी शी! म्हटलं, "पण भुसा कसला?" तर खिशातून सुईएवढी कानस काढली. "हे बघ. आणलास तेव्हा एकेक हात डुगडुगत होता. लाज नाही वाटत लोकांना असा माल बाहेर पाठवायला. मी ढिल्या खुंट्यांवर थर दिले, वाळवले, घासले. आता हलवून दाखव. सूतभर हलायचा नाही." थर कशाचे? बायकोच्या नखांच्या रंगाचे! लाल! सहाच्या सहा रोबोंचे सांधे लालभडक, आत्ताच तोडून आणल्यासारखे. पेपरवाल्याला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं, वरच्या मजल्यावरच्या काकूंना खाली बोलावून दाखवलं. मी मात्र खूश होतो. म्हटलं, ज्या हाताने एवढं बारीक घासलं तो हात बरा झाला की! मंगळवार येऊ दे फक्त.

मंगळवार आला. बाई म्हणाल्या, "चला आजोबा, आज परीक्षा. ट्रकवाल्याचा हात काढून विमानवाल्याला लावा." मी दारात, हातात चहाचा ट्रे. बाबांनी हात काढला. झटक्यात! विमानवाल्याला लावायला गेले... जाईना. दाबला, फिरवला, जाईना. बाई म्हणाल्या, "बरं, क्रेनवाल्याचा पाय लावून बघा." जाईना! आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जाईल कसा? प्रत्येक खुंटी त्यांनी तिच्या-तिच्या भोकापुरती घासलेली! चाळीस वर्षांचा फिटर! कुणाचाही हात कुणालाही म्हणून विकलेला माल, आणि ह्यांनी ज्याचा हात त्याचाच करून ठेवला!

एकच वाक्य बोलायचं होतं हो. 'बाई, हात ठणठणीत आहे, ही कानस बघा.' संपलं! बाबा आपल्या घरी, ब्रश माझ्या तोंडात. मी तोंड उघडलं. आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

तुम्हाला सांगतो, दूधवाल्याला थांबवून कारागिरी दाखवणारा माणूस, तो कानशीचा खिसा डाव्या हाताने झाकून बसला होता. मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "जोर नाही हो बाई अजून बोटांत."

माझं तोंड उघडंच. त्यातून काय बाहेर पडावं? "नाही ना! साधा कप धरवत नाही त्यांना!" असं मी म्हणालो. मी! माझ्या डोळ्यांसमोर ते घर आलं, कुलूप काढून एकटाच आत शिरणारा माणूस आला... जाऊ दे. इकडे बाबांनी लगेच त्याच हाताने ट्रेमधला कप उचलला आणि फुर्रकन चहा ओढला. नशीब, बाई खाली बघून लिहीत होत्या. "अजून तीन महिने," त्या म्हणाल्या, "आणि ह्या संचाचा कंटाळा आला असेल त्यांना. मोठा आणा. बाराचा मिळतो."

आणला. दुकानदाराने आपणहून विचारलं, "कसा आहे मुलगा?" बाराच्या बारा आमच्याकडे ऐसपैस राहतात. बटणं बाबा स्वतः लावतात, फक्त मंगळवारी मी लावतो. वाण्याकडून दोन नवे ब्रश आणले, एक माझा, एक रोबोंचा, दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आज सकाळी बघतो तर दोन्ही करडे. विचारलं, "बाबा, यातला माझा कुठला?" कानशीवरून नजर न उचलता म्हणाले, "खोक्यावर काय लिहिलंय?"

घासले हो दात. काय करता!