तापलेलं इंजिन आणि नऊ किलोची तांबोशी

हॅलो?… हो ताई, बोल. बोटीवरच आहे, दोऱ्यांचा गुंता सोडवतेय… कोण आलंय गॅरेजमध्ये? दातांचे डॉक्टर? माझं गिऱ्हाईक?… भाऊजींना काय म्हणाले? 'तुम्ही दुरुस्त केलेलं इंजिन भर समुद्रात तापलं, कसले मेकॅनिक तुम्ही'?… चारचौघांत?… अरे देवा.

नाही, नाही, भाऊजींचं काम चोख आहे… अगं ऐक ना. इंजिन तापलंच नव्हतं… हो, मीच सांगितलं तसं. थांब, ओरडू नकोस, आधी ऐक.

तीन दिवस बोट भाड्यानं घेतली होती त्यांनी. सोबत सहा रॉड, पेटीभर नकली मासे आणि डोक्यात पुस्तकातलं ज्ञान. पहिल्याच दिवशी म्हटलं, वारा दक्षिणेचा आहे, बाहेर पाणी गढूळ आहे, भरतीला खडकापाशी थांबू. तर म्हणे, 'बाई, मोठा मासा खोल पाण्यात असतो'… हो, मलाच. वीस वर्षं बोट चालवतेय मी… मग काय, नेलं खोल पाण्यात. मासा एक नाही, उलट्या चार… त्यांना, मला कशाला होतील?… दुसऱ्या दिवशी तेच. शेवाळाचा एक गठ्ठा लागला गळाला, त्याच्याशी दहा मिनिटं झुंजले.

असेच हात हलवत परत गेले असते ना, तर बंदरभर सांगत सुटले असते, या बाईच्या बोटीवर मासा लागत नाही. म्हणून काल खडक आला तसं इंजिन बंद केलं आणि म्हटलं, 'तापलंय डॉक्टर, तासभर हलता यायचं नाही'… काय करतात बिचारे, कुरकुरत गळ टाकला. तिसऱ्या फेकीला तांबोशी लागली, ताई. लालबुंद. अर्धा तास ओढाओढ. वजन भरलं नऊ किलो. फोटो काढला आणि दिली सोडून… हो, पाण्यात. त्यांचा खेळच तसा असतो… तू कढई बाजूला ठेव.

बरं, भाऊजी काय करताहेत?… पाना हातात घेऊन नुसते बसलेत?… मग दे डॉक्टरांना फोन. दे गं.

नमस्कार डॉक्टर… इंजिन ठणठणीत आहे. मी खोटं बोलले… हो, तिथे थांबवायला… रागवा, हक्कच आहे तुमचा… काय? इतकं हळू का बोलताय?… अच्छा. ती जागा तुम्हीच हेरलीत, असं सगळ्यांना कळवून झालंय?… मिसेसनासुद्धा?… छे, मी कशाला सांगू कुणाला. फक्त भाऊजींची माफी मागा. आत्ता, तिथेच. फोन चालू राहू द्या… नाही ऐकू आलं. गॅरेजात मशीनचा आवाज आहे ना, जरा मोठ्यानं… हां. आता आलं.

ताई, हसले का भाऊजी?… काय म्हणताहेत? आता माझी पाळी?… माफी? मी?… हॅलो?… आवाज तुटतोय गं… वारा फार आहे इथे… नाही, काहीच कळत नाहीये. ठेवते.